कापूस आपला, भाव लिव्हरपूलचा : वर्ध्याचे हिशेबनीस जे. सी. कुमारप्पा

वर्ध्यात येणारे पाहुणे सेवाग्रामला जातात, बापूकुटी पाहतात, पवनारला धाम नदीच्या काठी थोडा वेळ बसतात आणि परतीची गाडी धरतात. शहरातल्या मगनवाडीकडे वळणारे फार थोडे असतात. तिथे राहून ज्या माणसाने या देशाच्या गरिबीचा पै-पैचा हिशेब मांडला, त्याचं नाव तर आपल्याच जिल्ह्यातल्या अनेकांना सांगता येत नाही. त्यांचं नाव जोसेफ चेल्लादुराई कुमारप्पा, म्हणजेच जे. सी. कुमारप्पा. तामीळ ख्रिश्चन घरातले, लंडनमध्ये हिशेबतपासणी शिकलेले आणि अमेरिकेत अर्थशास्त्र शिकलेले. आयुष्याची सर्वात कामाची वर्षं त्यांनी वर्ध्याला दिली.

आज त्यांची आठवण काढायला कारण आहे. परदेशी गुंतवणूक, मुक्त व्यापार करार, आयात शुल्क हे शब्द रोज बातम्यांत असतात. कुणी म्हणतं, परदेशी पैसा आला की गरिबी जाईल. कुणी म्हणतं, परदेशी पैसा आला की देश विकला जाईल. दोन्ही बाजूंचा आवाज मोठा आहे, हिशेब मात्र कुणीच दाखवत नाही. कुमारप्पांनी आयुष्यभर तोच दाखवला. माल कुठून निघाला, कुठे गेला, मधल्या प्रत्येक हाताला किती मिळालं आणि ज्याने घाम गाळला त्याच्या घरात शेवटी काय उरलं, एवढंच ते विचारायचे. वर्धा जिल्ह्याला हा प्रश्न नवा नाही, म्हणून आधी जिल्ह्याची गोष्ट थोडक्यात सांगतो.

कापसाच्या रेल्वेचा जिल्हा

वर्धा जिल्हा नागपूरपासून वेगळा झाला 1862 साली. वर्धा शहर 1866 मध्ये पालकवाडी या लहानशा गावाच्या जागेवर वसवलं गेलं. ही वर्षं नीट पाहा. 1861 ते 1865 अमेरिकेत यादवी युद्ध चालू होतं. तिथला कापूस इंग्लंडला जाईना, मँचेस्टरच्या गिरण्या बंद पडू लागल्या आणि साहेबांची नजर वऱ्हाड-नागपूरच्या काळ्या मातीवर गेली. हिंगणघाटचा कापूस आधीपासून नावाजलेला होता. आता त्याला लिव्हरपूलच्या बाजारात भाव आला. 1867 पर्यंत मुंबईची रेल्वे नागपूरला पोहोचली, पुढे हिंगणघाटकडे फाटा गेला, आणि बऱ्याच वर्षांनी, 1917 मध्ये, आर्वीचा कापूस पुलगावला आणणारी छोटी रेल्वेही आली.

ही रेल्वे बांधायला पैसा कुठून आला? इंग्लंडमधल्या भागधारकांकडून. आजच्या भाषेत ती परदेशी गुंतवणूकच होती, आणि त्या काळातली फार मोठी. पण तिची एक अट होती. सुरुवातीच्या रेल्वे कंपन्यांना सरकारने पाच टक्के परताव्याची हमी दिली होती. गाडी नफ्यात चालो की तोट्यात, लंडनच्या भागधारकाला पाच टक्के मिळणारच. कमी पडलं तर ते भारताच्या महसुलातून, म्हणजे शेवटी शेतसारा भरणाऱ्या कुणब्याच्या आणि मीठ विकत घेणाऱ्या मजुराच्या खिशातून. गुंतवणूक एकाची आणि जोखीम दुसऱ्याची! आपल्या वाचकांना याचं वेगळं स्पष्टीकरण द्यायला नको. व्यापार हलाल आणि व्याज हराम हे आपण लहानपणापासून ऐकतो. त्यातलं मर्मही हेच आहे. ज्याला नफा हवा त्याने नुकसानीतही वाटा उचलावा. बसल्या जागी ठरलेला पैसा घेणारा दुसऱ्याच्या संकटात सामील नसतो.

रेल्वेने फायदा काहीच केला नाही असं आम्ही म्हणणार नाही. बाजार जवळ आला, काही शेतकऱ्यांच्या हातात पैसा खेळला, वर्धा, पुलगाव, हिंगणघाट ही गावं मोठी झाली, पुढे गिरण्याही उभ्या राहिल्या. पण अमेरिकेतलं युद्ध संपलं तसा भाव उतरला, आणि आपला भाव आपल्या हातात नाही हे शेतकऱ्याला पहिल्यांदा कळलं. ज्या डब्यांतून कापूस बाहेर गेला, त्याच डब्यांतून विलायती सूत आणि कापड आत आलं. त्याचा मार विणकरांवर पडला. यात कोष्टी होते, हलबा होते, आपले मोमीन होते. नागपूरचं मोमिनपुरा आणि कामठी या वस्त्यांच्या इतिहासात मागाचा आवाज अजून ऐकू येतो. पिंजारी, म्हणजे आपले मन्सुरी भाऊ, धुनकीने कापूस पिंजून सूतकताईसाठी तयार करून द्यायचे. गिरणीचं सूत आल्यावर घरोघरची कताई थांबली आणि त्यांच्या वाट्याला उरल्या फक्त गाद्या-रजया. हुनर तेच राहिलं, रोजी मात्र गेली. आकडेवारीत त्या वेळी भारताचा परदेशी व्यापार वाढतच होता.

व्यापार वाढतो आणि गरिबीही वाढते, हे कोडं कुमारप्पांनी हातात घेतलं.

तंजावर ते न्यूयॉर्क

कुमारप्पांचा जन्म 4 जानेवारी 1892 रोजी तंजावरला झाला. वडील सरकारी नोकरीत, घर सुशिक्षित आणि श्रद्धाळू. त्या वेळी त्यांचं नाव जोसेफ चेल्लादुराई कॉर्नेलियस होतं. तरुणपणी ते लंडनला गेले, हिशेबतपासणीची परीक्षा उत्तीर्ण झाले आणि तिथेच कामाला लागले. आईच्या आग्रहाने ते भारतात परतले आणि मुंबईत त्यांनी भागीदारीत हिशेबतपासणीची पेढी काढली. इंग्रजी पोशाख, इंग्रजी राहणी, चांगली कमाई. देशाच्या राजकारणाशी त्यांचा फारसा संबंध नव्हता.

1927 मध्ये ते अमेरिकेला गेले. सिरॅक्यूज विद्यापीठात व्यवसाय व्यवस्थापन शिकून ते न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात आले. तिथे त्यांचे प्राध्यापक होते सार्वजनिक वित्त या विषयातले मोठे नाव, एडविन सेलिगमन. कुमारप्पांनी एका चर्चमध्ये भारताच्या गरिबीवर भाषण केलं, त्याची बातमी वर्तमानपत्रात आली आणि ती सेलिगमन यांच्या वाचनात आली. त्यांनी सुचवलं की याच विषयाचा नीट अभ्यास करा. कुमारप्पा कागदपत्रांत शिरले आणि एका हिशेबनिसाला जे दिसायला हवं तेच त्यांना दिसलं.

भारत सरकार कर कुणाकडून गोळा करतं? बहुतेक गरीब शेतकऱ्याकडून. खर्च कशावर करतं? लष्करावर, मोठ्या पगाराच्या गोऱ्या अधिकाऱ्यांवर, कर्जाच्या व्याजावर. पाटबंधारे, शाळा, आरोग्य यांच्या वाट्याला काय येतं? उरलंसुरलं. म्हणजे गरिबाकडून घेतलेला पैसा गरिबाच्या गावात परत येतच नाही. आजवर भारतीय आळशी आहेत, अडाणी आहेत, नशिबाला चिकटून बसतात, म्हणून गरीब आहेत असं सांगितलं जायचं. कुमारप्पांच्या प्रबंधाने गरिबीचं कारण माणसाच्या स्वभावातून काढून जमाखर्चाच्या वहीत दाखवलं. ज्या साम्राज्याच्या राहणीत ते वाढले होते, त्याच्याबद्दलचा त्यांचा भ्रम या अभ्यासानेच उतरला.

साबरमतीची भेट

1929 मध्ये ते परतले आणि हा प्रबंध छापण्याच्या खटपटीत 9 मे रोजी साबरमती आश्रमात पोहोचले. अंगावर साहेबी पोशाख, हातात छडी. झाडाखाली सारवलेल्या जमिनीवर एक वृद्ध सूत कातत बसलेला होता. भेटीच्या वेळेला अवकाश होता म्हणून कुमारप्पा उभ्यानेच पाहत राहिले. हेच गांधीजी, हे त्यांना थोड्या वेळाने कळलं. मग त्या इस्त्रीच्या पोशाखातच ते जमिनीवर बसले. गांधीजींनी प्रबंध ‘यंग इंडिया’त क्रमाने छापला आणि त्यांना गुजरातमधल्या गावांची आर्थिक पाहणी करायला सांगितलं.

न्यूयॉर्कमध्ये सरकारी आकडे वाचलेला हा माणूस खेडा जिल्ह्याच्या मातर तालुक्यात विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांना घेऊन गावोगाव फिरला. घरात खाणारी तोंडं किती, शेत किती, सारा किती, सावकाराचं देणं किती, वर्षाअखेर हातात काय, हे घरोघर बसून लिहून घेतलं. वरून पाहिलेली गरिबी आता त्यांनी खालून पाहिली. याच सुमारास त्यांनी कॉर्नेलियस हे नाव सोडून कुमारप्पा हे घराण्याचं जुनं नाव घेतलं आणि खादी अंगावर चढवली.

धर्म मात्र सोडला नाही. उलट त्यांचा धर्मच त्यांना या वाटेवर घेऊन आला. 1930 च्या सविनय कायदेभंगाच्या वेळी इथल्या अनेक ख्रिस्ती धर्मगुरूंनी सरकारच्या बाजूने सूर लावला. तेव्हा कुमारप्पांनी कलकत्त्याचे मुख्य बिशप वेस्टकॉट यांच्याशी जाहीर पत्रव्यवहार करून त्यांना जाब विचारला. अन्यायाशी तडजोड करणं हा धर्म कसा, असा त्यांचा सवाल होता. अल्पसंख्य समाजातल्या माणसाला आपलं ईमान सांभाळायचं की देशातल्या गरिबांसाठी लढायचं, असे दोन रस्ते त्यांना कधी दिसलेच नाहीत. त्यांच्यासाठी ती एकच वाट होती. या गोष्टीवर आपल्या तरुणांनी जरूर विचार करावा.

1931 मध्ये काँग्रेसने भारत आणि इंग्लंड यांच्यातल्या आर्थिक देण्याघेण्याची तपासणी करायला समिती नेमली. कुमारप्पा तिचे निमंत्रक होते. कंपनी सरकारच्या लढायांचा खर्च, रेल्वेच्या हमीपोटी दिलेले पैसे, भारताच्या नावावर मांडलेलं कर्ज, असं एकेक कलम समितीने तपासलं आणि विचारलं की यातलं भारताने खरोखर किती देणं लागतं. गरीब देशांनी आपल्या डोक्यावरच्या कर्जाची तपासणी करावी, ही मागणी आज जगभर ऐकू येते. आपल्याकडे ते काम नव्वद वर्षांपूर्वीच करून झालं होतं.

अमानतीचा पैसा

15 जानेवारी 1934 ला बिहारमध्ये भयंकर भूकंप झाला. राजेंद्रप्रसादांच्या नेतृत्वाखाली मदत समिती बनली, देशभरातून पैसा आला आणि हिशेबाची जबाबदारी कुमारप्पांवर आली. त्यांनी स्वयंसेवकांच्या रोजच्या जेवणासाठी काही आण्यांची मर्यादा ठरवून दिली. गांधीजी आपल्या मंडळींसह तिथे आले, तेव्हा त्यांच्या वेगळ्या आहाराचा आणि प्रवासाचा खर्च मदतनिधीतून देता येणार नाही, असं या हिशेबनिसाने स्पष्ट सांगितलं. हा पैसा भूकंपग्रस्तांची अमानत आहे, पाहुणा कितीही मोठा असो. गांधीजींनाही ते पटलं.

मशीद कमिटी असो, जकातीचा पैसा असो, शाळेची संस्था असो की वक्फची जमीन, अमानतीचा हिशेब कसा ठेवावा याचं यापेक्षा चांगलं उदाहरण शोधून सापडणार नाही.

मगनवाडीतली वर्षं

1934 च्या डिसेंबरमध्ये अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ स्थापन झाला. जमनालाल बजाज यांनी वर्ध्यातला आपला बगीचा आणि बंगला दिला. मगनलाल गांधींच्या नावावरून तो परिसर मगनवाडी झाला. कुमारप्पा संघाचे संघटक आणि चिटणीस म्हणून इथे आले. 1936 मध्ये सेगावला, म्हणजे आजच्या सेवाग्रामला जाण्यापूर्वी गांधीजींचा मुक्कामही इथेच होता.

मगनवाडीत काय चाललं होतं? बैलाची घाणी सुधारली जात होती. हातकागद बनत होता. ताडाच्या रसापासून गूळ, मधमाशापालन, हातसडीचा तांदूळ, कमी धुराची चूल, साबण, असे प्रयोग चालू होते. हे वाचून कुणाला वाटेल की जुनं ते सोनं म्हणणाऱ्यांचा हा एक छंद असावा. तसं नव्हतं. प्रत्येक प्रयोगामागे व्यापाराचा एक हिशेब होता.

दिव्याचंच उदाहरण घ्या. त्या काळी खेड्यात कंदील जळायचा तो रॉकेलवर, आणि रॉकेल विकायच्या परदेशी कंपन्या. रोज संध्याकाळी लाखो घरांतून एकेक पैसा बाहेर जायचा, तर गावात पिकणाऱ्या तेलबियांना दाम नव्हता आणि तेल्याची घाणी थांबलेली होती. मगनवाडीत खाद्यतेलावर चालणारा ‘मगनदीप’ तयार झाला. तो पेटला की उजेडाचा पैसा बी पेरणाऱ्याकडे, घाणीवाल्याकडे आणि दिवा बनवणाऱ्या कारागिराकडे जाई. पैसा गावातून बाहेर पडण्याआधी गावात चार-पाच हातांतून फिरला पाहिजे, हे त्यांचं सूत्र. दौलत फक्त धनवानांमध्येच घुटमळत राहू नये ही कुरआनची शिकवण आपल्याला माहीत आहे. हा ख्रिस्ती अर्थतज्ज्ञ वर्ध्यात बसून तेच सांगत होता.

दुसरी गोष्ट त्यांनी खरेदी करणाऱ्याला सांगितली. वस्तू विकत घेताना आपण तिच्यामागचा सारा इतिहासही विकत घेतो. चोरीचा माल स्वस्त मिळाला म्हणून घेणारा चोरीत सामील असतो. तसाच मजुराला पिळून, दुसऱ्याचा देश बळकावून बनलेला माल स्वस्त म्हणून घेणाराही त्या पिळवणुकीत सामील असतो. दूरच्या देशांतून कच्चा माल आणायचा आणि दूरच्या बाजारात विकायचा तर समुद्रावर आरमार ठेवावं लागतं, म्हणून अशा व्यापाराच्या पोटात लढाई दडलेली असते, असं त्यांचं म्हणणं होतं. आपण हलालचा विचार बहुतेक वेळा ताटापुरता करतो. कुमारप्पांचा विचार त्याला कपड्यापर्यंत, दिव्यापर्यंत, दुकानापर्यंत नेतो.

1938 मध्ये मध्यप्रांत-वऱ्हाडच्या काँग्रेस सरकारने उद्योगांच्या पाहणीसाठी समिती नेमली आणि कुमारप्पांना अध्यक्ष केलं. महाविद्यालयीन विद्यार्थ्यांच्या मदतीने सहाशेच्या वर गावांची पाहणी झाली. कोणत्या गावात काय पिकतं, काय बनू शकतं आणि काय विनाकारण बाहेरून येतं, हे त्यात नोंदलं गेलं. त्याच साली 30 डिसेंबरला मगन संग्रहालयाचं उद्घाटन गांधीजींच्या हस्ते झालं. ते आजही वर्ध्यात आहे. पंडित नेहरूंच्या अध्यक्षतेखालच्या राष्ट्रीय नियोजन समितीवरही कुमारप्पा होते. पण तिथे सारा भर मोठ्या कारखान्यांवर आहे असं दिसल्यावर ते थोड्याच महिन्यांत बाहेर पडले.

झाकीर हुसैन समितीत

बी.एड. करताना आम्हा शिक्षकांना ‘वर्धा शिक्षण योजना’ परीक्षेपुरती पाठ करावी लागते. तिचा जन्म आपल्याच शहरात झाला. 1937 च्या ऑक्टोबरमध्ये इथे शिक्षण परिषद भरली आणि अभ्यासक्रम ठरवण्यासाठी समिती नेमली गेली. अध्यक्ष होते जामिया मिल्लियाचे डॉ. झाकीर हुसैन, जे पुढे देशाचे राष्ट्रपती झाले. ख्वाजा गुलाम सय्यदैन, विनोबा, काका कालेलकर यांच्याबरोबर कुमारप्पाही समितीत होते. मुलाने हाताने एखादं उपयोगी काम शिकावं आणि त्यातूनच गणित, भूगोल, इतिहास शिकावा, अशी ही योजना. एका मुस्लिम शिक्षणतज्ज्ञाच्या आणि एका ख्रिस्ती अर्थतज्ज्ञाच्या विचारांनी घडलेली ही गोष्ट वर्ध्याचा वारसा आहे. त्यामागचा आर्थिक विचारही साधा होता. ज्याच्या हातात हुनर नाही, त्याला व्यापारात फक्त दोन गोष्टी विकता येतात, कच्चा माल आणि स्वस्त मजुरी. दोन्हींचा भाव दुसराच ठरवतो.

नोटांचा खेळ आणि तुरुंग

दुसऱ्या महायुद्धात इंग्लंडने भारताकडून धान्य, कापड आणि लष्करी सामान प्रचंड प्रमाणात उचललं. त्याचे पैसे मात्र इथे दिले नाहीत, लंडनच्या खात्यात भारताच्या नावे पौंड लिहून ठेवले. त्या आधारावर इथे रिझर्व्ह बँकेने नोटा छापल्या. माल बाहेर गेला, नोटा वाढल्या, भाव भडकले. युद्ध संपलं तेव्हा ही लंडनमधली रक्कम सुमारे 1,700 कोटी रुपयांवर गेली होती. कागदावर भारत सावकार झाला होता! प्रत्यक्षात 1943 च्या बंगालच्या दुष्काळात लाखो माणसं मेली. त्या दुष्काळाची कारणं अनेक होती, पण भडकलेल्या भावाने गरिबाच्या तोंडचा घास पळवला हे त्यातलं एक मोठं कारण.

कुमारप्पांनी नोटांचा हा खेळ वेळीच ओळखला आणि ‘ग्राम उद्योग पत्रिके’त त्यावर सडेतोड लिहिलं. सरकारने त्यांना तुरुंगात टाकलं. जबलपूरच्या तुरुंगात प्रकृती खालावली, पण तिथेच त्यांनी दोन पुस्तकं लिहिली, एक येशूच्या शिकवणीवर आणि दुसरं शाश्वत अर्थव्यवस्थेवर. दुसऱ्या पुस्तकात निसर्गातले दाखले देऊन त्यांनी अर्थव्यवस्थेचे प्रकार सांगितले. कुणी दुसऱ्याचा जीव घेऊन जगतो, कुणी न पेरता फळं लुटतो, कुणी स्वतःच्या मेहनतीवर घरटं बांधतो, कुणी मधमाशीसारखा साऱ्या पोळ्यासाठी राबतो, आणि सर्वात वर आई, जी परतफेडीची अपेक्षा न ठेवता देते. कुरआनच्या एका सूरेचं नावच मधमाशीवरून आहे, त्यामुळे हा दाखला आपल्याला जवळचा वाटावा.

स्वातंत्र्यानंतर

देश स्वतंत्र झाल्यावर काँग्रेसने शेतीसुधारणा समिती नेमली आणि कुमारप्पांना अध्यक्ष केलं. 1949 च्या अहवालात मधले जमीनदार हटवा, कसणाऱ्याला हक्क द्या आणि जमीनधारणेला मर्यादा घाला, अशा शिफारशी होत्या. काही अंमलात आल्या, पुष्कळशा कागदावर राहिल्या. पुढच्या पंचवार्षिक योजनांचा ओढा मोठ्या कारखान्यांकडे होता. परदेशी मदत आणि परदेशी यंत्रं यांवर उभी राहणारी शेती शेतकऱ्याला पुन्हा दुसऱ्याच्या हाती देईल, असा इशारा कुमारप्पा देत राहिले. त्यांचं बोलणं अनेकांना कडवट वाटू लागलं. चीन आणि जपानचा दौरा करून आल्यावर त्यांनी तिथल्या चांगल्या गोष्टीही मोकळेपणाने सांगितल्या.

पन्नाशीच्या दशकाच्या सुरुवातीला ते आपल्याच जिल्ह्यात, सेलू तालुक्यातल्या सेलडोह इथे राहायला गेले आणि शेतीचे प्रयोग केले. रक्तदाबाच्या आजाराने तब्येत साथ देईना, तेव्हा ते मदुराईजवळच्या कल्लुपट्टीच्या आश्रमात गेले. लग्न केलं नाही, संपत्ती जमवली नाही. 30 जानेवारी 1960 रोजी मद्रासमध्ये त्यांचं निधन झालं. गांधीजींच्या पुण्यतिथीचाच तो दिवस.

आजचा हिशेब

कुमारप्पांचं सगळंच आज जसंच्या तसं चालेल असं आम्ही म्हणत नाही. मगनदीपाची जागा विजेने घेतली आणि ते बरंच झालं. परदेशी व्यापाराने कुणाचंच भलं होत नाही, हेही खरं नाही. दक्षिण कोरिया निर्यातीवर मोठा झाला, पण त्याआधी तिथे कसणाऱ्यांना जमिनी मिळाल्या होत्या आणि मुलं शाळेत गेली होती. बांगलादेशात कापूस नावालाच पिकतो, तरी तयार कपडे शिवून तो देश जगाला विकतो आणि लाखो बायकांच्या हाताला काम मिळालं. त्याच देशात 2013 मध्ये राणा प्लाझा ही इमारत कोसळून अकराशेच्या वर कामगार मेले, कारण स्वस्त कपड्याची किंमत कामगाराच्या जिवातून वसूल होत होती. एकाच धंद्याच्या या दोन बाजू आहेत.

आता आपल्या शेताकडे या. 2002 मध्ये बीटी कापसाला परवानगी मिळाली. अमेरिकेची मोन्सॅन्टो आणि जालन्याची महिको यांच्या भागीदारीतून हे तंत्र आलं. सुरुवातीला बोंडअळी कमी झाली, फवारणीचा खर्च वाचला, उत्पादन वाढलं, हे मान्य करायला हवं. पण 450 ग्रॅम बियाण्याच्या पाकिटाला 1,600 रुपयांच्या आसपास मोजावे लागत आणि त्यातला मोठा हिस्सा तंत्राच्या मालकीपोटी जात होता. 2006 मध्ये आंध्र सरकार भांडलं, तेव्हा भाव 750 वर आला. म्हणजे भाव कमी होऊ शकत होता, विचारणारा कुणी नव्हता! पुढे गुलाबी बोंडअळीला या बियाण्याची सवय झाली, आणि बियाणं दरवर्षी विकत घेण्याची सवय शेतकऱ्याला झाली ती झालीच.

2025 च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेने भारतीय मालावर 50 टक्के शुल्क लावलं. फटका बसणाऱ्या कापड उद्योगाला दिलासा म्हणून केंद्र सरकारने कापसावरचं 11 टक्के आयात शुल्क आधी सप्टेंबरअखेरपर्यंत आणि मग डिसेंबरअखेरपर्यंत उठवलं. गिरणीच्या बाजूने पाहिलं तर त्यात तर्क आहे, गिरणी बंद पडली तर कामगार बेकार होतो. पण ही सूट नेमकी आपला कापूस बाजारात येण्याच्या दिवसांत होती. वॉशिंग्टनमध्ये झालेल्या निर्णयाचा भार हिंगणघाटच्या बाजार समितीत बैलगाडीवर बसलेल्या माणसापर्यंत येतो, हे 1865 मध्ये जितकं खरं होतं तितकंच आजही आहे.

म्हणून व्यापाराला होय की नाही, गुंतवणुकीला होय की नाही, यापेक्षा कुमारप्पांचे प्रश्न विचारणं जास्त उपयोगाचं. नफ्याबरोबर नुकसानीचा वाटा कोण उचलणार? कच्चा माल इथून जाणार की त्यावरचं कामही इथेच होणार? भाव ठरवताना शेतकरी आणि कारागीर खोलीत असणार की दाराबाहेर? आलेला पैसा गावात किती हातांतून फिरणार? जी गुंतवणूक या प्रश्नांना नीट उत्तर देते तिचं स्वागत करू. जी देत नाही, तिला आधी वही उघडायला सांगू.

आपल्या समाजात कारागीर, शिंपी, पिंजारी, फळविक्रेते, छोटे दुकानदार बहुसंख्य आहेत. बी.कॉम. झालेली मुलंमुलीही आता घरोघर आहेत. बचतगटाचा, बाजार समितीचा, संस्थेचा, ग्रामपंचायतीचा जमाखर्च वाचून दाखवणारं कुणी मोहल्ल्यात असेल, तर चार घरं फसण्यापासून वाचतात. शाळांच्या सहलीही सेवाग्रामवरून परत फिरण्याआधी मगन संग्रहालयापर्यंत न्याव्यात. तिथली घाणी, चरखा आणि मगनदीप मुलांना दाखवावेत आणि एकच प्रश्न विचारावा : या वस्तूवर खर्च केलेला पैसा कुणाकुणाच्या घरी गेला असेल? उत्तर मुलांनी स्वतः वहीत मांडावं.